चित्रपट पाहून झाल्यावर

चित्रपटांविषयी बोलावे कसे, या एकाच विषयाभोवती फिरणारी बरीच पत्रे या वेळी आली आहेत. त्यांतील काही पत्रे एकमेकांशी उघड भांडणारी असल्यामुळे ती शेजारी-शेजारी छापली आहेत. जागेअभावी पत्रांचा मजकूर संक्षिप्त केला आहे.

प्रश्न : चित्रपट पाहून बाहेर पडल्यावर तो आवडला की नाही, एवढेच मला सांगता येते. कारण विचारले की ‘कथा छान’, ‘अभिनय उत्तम’, ‘छायाचित्रण सुंदर’ यापलीकडे शब्द सुचत नाहीत. नेमके बोलायला सुरुवात कोठून करावी?

उत्तर : ‘आवडला’पासून सुरुवात करण्यात काहीच वावगे नाही; अडचण होते ती तेथेच थांबल्यामुळे. ‘अभिनय उत्तम’ हे वाक्य उद्या दुसऱ्या कोणत्याही चित्रपटाला जसेच्या तसे लावता येते, त्यामुळे समोरच्या चित्रपटाविषयी ते काहीच सांगत नाही. म्हणून अभिप्राय थोडा वेळ बाजूला ठेवावा, मनातून जात नाही असा एकच प्रसंग निवडावा आणि ज्याने तो पाहिलेला नाही त्याच्या डोळ्यांपुढे उभा राहील अशा रीतीने सांगून पाहावा. कोण कोठे बसले होते, कॅमेरा जवळ होता की लांब, त्या वेळी कानांवर काय पडत होते आणि पुढचे दृश्य नेमके कोणत्या क्षणी आले, एवढे आठवले तरी बोलण्याला पुरेसा ऐवज हाती लागतो.

उदाहरण घेऊ. ऑर्सन वेल्स यांच्या ‘सिटिझन केन’मध्ये (१९४१) एका लग्नाचा ऱ्हास न्याहारीच्या टेबलावर दाखवला आहे. पडद्यावर त्याला जेमतेम दोन-अडीच मिनिटे लागतात आणि तेवढ्यात त्या जोडप्याच्या आयुष्यातील कित्येक वर्षे उलटतात. आरंभी नवरा-बायको जवळ आहेत आणि बोलण्यात लाडीगोडी आहे. मग कॅमेरा झर्रकन बाजूला वळतो, चित्र पुसट होते आणि त्याच टेबलावरची पुढची कुठलीशी सकाळ उजाडते. कपडे बदललेले असतात आणि स्वर किंचित कोरडा झालेला असतो. असे होत होत तक्रारींचे टोमणे होतात, टोमण्यांना तुटक उत्तरे मिळू लागतात आणि शेवटी दोघेही चकार शब्द न काढता वर्तमानपत्र वाचत बसतात. नवरा स्वतः एका वर्तमानपत्राचा मालक आहे, पण बायकोच्या हातात आहे ते त्याच्या प्रतिस्पर्ध्याचे वर्तमानपत्र. आता कॅमेरा मागे सरतो आणि दोघांच्या मध्ये केवढे लांब टेबल पसरले आहे ते आपल्याला दिसते. संगीतकार बर्नार्ड हरमन यांनी या प्रसंगासाठी वॉल्ट्झ या पाश्चात्य नृत्यप्रकाराची एकच धून घेतली असून नात्याच्या प्रत्येक टप्प्यावर तिचे रूप बदलत नेले आहे. एवढे सांगून झाल्यावर ‘संकलन उत्तम, संगीत प्रभावी’ असे वेगळे म्हणण्याची गरज उरत नाही. ऐकणाऱ्याला ते कळलेले असते आणि पटत नसेल तर कशावर बोट ठेवून वाद घालायचा, हेही त्याला कळलेले असते.

‘अभिनय उत्तम’ हे वाक्य तर जरा जपूनच वापरावे. १९२० च्या आसपास लेव्ह कुलेशोव्ह या रशियन दिग्दर्शकाने इव्हान मोझुखिन या नटाच्या चेहऱ्याचा एकच निर्विकार तुकडा वेगवेगळ्या दृश्यांशी जोडून दाखवला होता. त्यांचे सहकारी पुदोव्किन यांनी लिहून ठेवल्याप्रमाणे, सूपच्या वाडग्यानंतर तोच चेहरा प्रेक्षकांना समोरचे सूप विसरून विचारात गढलेल्या माणसासारखा वाटला, शवपेटीनंतर दुःखी वाटला आणि खेळणाऱ्या लहान मुलीनंतर प्रसन्न वाटला. एवढेच नव्हे, तर प्रेक्षकांनी नटाच्या अभिनयाची वाखाणणीही केली. नटाचे कर्तृत्व यामुळे कमी होते असे मला अजिबात म्हणायचे नाही. पण ज्याला आपण चेहऱ्यावरचा भाव म्हणतो त्यातला काही भाग शेजारच्या चित्रातून आलेला असतो, हे ध्यानात ठेवले की चेहऱ्याच्या आधी काय दाखवले आणि नंतर काय, हे आपण आपोआप पाहू लागतो.

प्रश्न : माझे नेमके उलटे आहे. मी चित्रपटाविषयी बारकाईने बोलू लागलो की घरचे म्हणतात, ‘झाले सुरू, मजा घालवलीस.’ विश्लेषणाने आनंद खरोखर कमी होतो का?

उत्तर : आपल्या घरच्यांची तक्रार विश्लेषणापेक्षा वेळेविषयी असावी, असा मला संशय आहे. पडद्यावर श्रेयनामावली सरकत असते, कोणी डोळे पुसत असते, कोणी अजून हसत असते आणि तेवढ्यात शेजारून ‘पण उत्तरार्धात पटकथा ढेपाळते’ असे ऐकू आले, तर कोणाचाही पारा चढेल. थोडे थांबून, आधी दुसऱ्याला काय वाटले ते विचारून मग बोलल्यास तीच निरीक्षणे कान देऊन ऐकली जातात. मात्र बारकाईने पाहिल्याने आनंद आटतो हे मला मान्य नाही, कारण जे चित्रपट खरोखर चांगले असतात ते दुसऱ्यांदा पाहताना जास्त देतात, आणि कथा तर तेव्हा पाठच झालेली असते.

प्रश्न : निखळ करमणुकीच्या, विनोदी चित्रपटांवर गंभीरपणे बोलणे हास्यास्पद नाही का? ते पाहावेत, हसावे आणि विसरावेत.

उत्तर : हसवणे हे पडद्यावरचे सर्वांत काटेकोर काम आहे, त्यामुळे त्याविषयी बोलण्यासारखे उलट अधिकच असते. ‘स्टीमबोट बिल, ज्युनिअर’ (१९२८) या मूकपटात वादळामुळे घराची समोरची अख्खी भिंत विनोदी नट बस्टर कीटन यांच्या अंगावर कोसळते आणि वरच्या मजल्याची उघडी खिडकी नेमकी ते उभे आहेत त्या जागी आल्यामुळे ते जसेच्या तसे उभे राहतात. ती भिंत खरी आणि जड होती, आणि कीटन यांच्या अंगाभोवती मोकळी जागा काही इंचांचीच होती. पण पाहण्याची गोष्ट याहून वेगळी आहे. कॅमेरा लांब आणि स्थिर आहे. माणूस, भिंत आणि खिडकी ही तिन्ही एकाच चौकटीत दिसतात आणि मध्ये कोठेही तोडलेले नाही. हाच प्रसंग चार तुकड्यांत दाखवला असता, म्हणजे घाबरलेला चेहरा, मग पडणारी भिंत, मग धूळ, मग वाचलेला नायक, तर आपल्याला हायसे वाटले असते, हसू आले नसते. आपल्यावर संकट आल्याचा पत्ताच नसलेला माणूस आणि त्याच्यावर येणारे संकट एकत्र दिसते, म्हणून हसू येते. हे बोलण्याला हास्यास्पद कसे म्हणावे? विसरावेसे वाटत असेल तर जरूर विसरावे. मला स्वतःला तो प्रसंग विसरता आलेला नाही.

प्रश्न : थोर म्हणून गाजलेला एक चित्रपट पाहताना मला सपाटून कंटाळा आला. जाणकारांच्या गप्पांत हे बोलून दाखवावे की गप्प बसावे?

उत्तर : अवश्य बोलून दाखवावे, कारण थोरपणाच्या याद्या स्वतःच फार स्थिर नसतात. ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटचे ‘साइट अँड साउंड’ हे मासिक १९५२ पासून दर दहा वर्षांनी समीक्षकांचा कौल घेते. पहिल्या कौलात व्हित्तोरिओ डी सिका यांचा ‘बायसिकल थीव्ज’ पहिला आला. १९६२ ते २००२ या पाचही कौलांत ‘सिटिझन केन’ अव्वल राहिला, २०१२ मध्ये आल्फ्रेड हिचकॉक यांच्या ‘व्हर्टिगो’ने त्याला मागे टाकले आणि २०२२ मध्ये शांताल आकरमान यांच्या ‘जान दीलमान’ या १९७५ च्या चित्रपटाने पहिले स्थान मिळवले. इतकी वर्षे यादी करणाऱ्यांनाच मत बदलता येत असेल, तर आपणही मत बाळगायला कचरण्याचे कारण नाही.

मात्र कंटाळा आला एवढेच सांगून थांबू नये. तो कोठे आला आणि कशाने आला, हेही सांगावे. पात्रे जे पडद्यावर आधीच दिसले आहे तेच पुन्हा बोलून दाखवतात म्हणून येणारा कंटाळा वेगळा, आणि दिग्दर्शकाने जाणूनबुजून आपल्याला थांबायला लावले म्हणून येणारा कंटाळा वेगळा. वर आलेला ‘जान दीलमान’ दुसऱ्या प्रकारातला आहे. तीन तास एकवीस मिनिटांच्या या चित्रपटात एका विधवेचे तीन दिवस दाखवले आहेत. ती बटाटे सोलते, भांडी घासते, अंथरूण आवरते, खोलीतून बाहेर पडताना दिवा मालवते आणि समोर स्थिर ठेवलेला कॅमेरा ही कामे त्यांना प्रत्यक्ष लागतो तेवढा वेळ देऊन पाहत राहतो. पहिल्या दिवशी आपण चुळबुळतो. पण या दिनक्रमाची घडी तोवर आपल्या अंगवळणी पडलेली असते, त्यामुळे दुसऱ्या दिवशी तिच्या हातून बटाटे जास्त शिजतात तेव्हा एवढ्याशा चुकीने आपण दचकतो. संवाद नाही, संगीताचा इशारा नाही, तरीही काहीतरी बिनसले आहे हे कळते. तो पहिला तास नसता तर हे दचकणे शक्य झाले नसते. एवढे समजून घेतल्यावरही कोणी ‘मला हा सौदा परवडला नाही’ असे म्हटले, तर ते मत मी आदराने ऐकेन. चित्रपट न पाहताच ‘अप्रतिम’ म्हणणाऱ्यापेक्षा त्याच्याशी गप्पा अधिक रंगतात.

प्रश्न : परीक्षणातील तारे आणि संकेतस्थळांवरील टक्केवारी यांवर कितपत विसंबावे?

उत्तर : आकडा कशाचा आहे हे आधी पाहावे. ‘रॉटन टोमॅटोज’ या संकेतस्थळावर समीक्षकांच्या नावे दिसणारी टक्केवारी म्हणजे चित्रपटाला शंभरपैकी मिळालेले गुण, असा समज सर्रास आढळतो. प्रत्यक्षात एकूण परीक्षणांपैकी किती अनुकूल आहेत, एवढेच ती सांगते. सर्व समीक्षकांनी ‘ठीक आहे, एकदा पाहायला हरकत नाही’ असे लिहिले तर आकडा शंभर दिसेल. निम्म्यांनी डोक्यावर घेतला आणि निम्म्यांनी झोडपला तर पन्नास दिसेल. मला विचाराल तर दुसरा चित्रपट मी आधी पाहीन. ताऱ्यांचे म्हणाल, तर ज्याच्या आवडीनिवडी आपल्याला पुष्कळ दिवस वाचून माहीत झाल्या आहेत अशा समीक्षकाचा दीड ताराही उपयोगाचा असतो, मग त्याचे आणि आपले मत नेहमी विरुद्ध का पडेना.

प्रश्न : गप्पांत शेवट सांगून टाकणाऱ्यांना काय करावे? जुन्या चित्रपटांचे रहस्यही फोडू नये का?

उत्तर : या बाबतीत हिचकॉक दोन्ही बाजूंना साक्ष देतात. ‘सायको’ (१९६०) प्रदर्शित झाला तेव्हा चित्रपट सुरू झाल्यावर कोणालाही आत सोडायचे नाही असा दंडक त्यांनी घातला होता आणि शेवट बाहेर सांगू नका, अशी विनंती जाहिरातींतून केली होती. याच हिचकॉक यांनी फ्रेंच दिग्दर्शक फ्रान्स्वा त्रुफो यांच्याशी झालेल्या प्रसिद्ध संवादात मात्र टेबलाखालच्या बॉम्बचे उदाहरण दिले आहे. दोन माणसे गप्पा मारत असताना बॉम्ब अचानक फुटला तर प्रेक्षकाला पंधरा सेकंदांचा धक्का बसतो. बॉम्ब तेथे आहे हे त्याला आधीच सांगितले, तर तीच फुटकळ बडबड तो पंधरा मिनिटे जीव मुठीत धरून ऐकतो. ‘व्हर्टिगो’तही कथेचे मुख्य रहस्य नायकाला कळण्याच्या बरेच आधी प्रेक्षकाला सांगून टाकले आहे. (ते कोणते, हे अर्थातच येथे सांगत नाही.) तेव्हा शेवट कळल्याने चांगला चित्रपट पार बुडत नाही, हे खरे. पण माहीत असून पाहायचे की नसून, हे पाहणाऱ्याने ठरवायचे असते, त्याच्या मित्राने नव्हे. चित्रपट कितीही जुना असला तरी ज्याने पाहिला नाही त्याच्यासाठी तो नवाच असतो, म्हणून ‘पाहिला आहेस ना?’ एवढे विचारायला विसरू नये.

प्रश्न : चित्रपटाचे सगळे श्रेय दिग्दर्शकाला देण्याची पद्धत योग्य आहे का?

उत्तर : सोयीची आहे, नेहमीच न्याय्य नाही. ‘सिटिझन केन’च्या श्रेयनामावलीत वेल्स यांनी छायाचित्रकार ग्रेग टोलंड यांचे नाव स्वतःच्या नावासोबत एकाच पाटीवर दिले होते. बोलताना ‘दिग्दर्शकाने असे केले’ म्हणण्याऐवजी ‘चित्रपटात असे झाले आहे’ म्हटले तरी पुष्कळसा अन्याय टळतो, आणि कोणी केले हे ठाऊक असेल तेथे त्या माणसाचे नाव घ्यावे.

प्रश्न : चित्रपट पाहताना टिपणे काढावीत का?

उत्तर : पहिल्यांदा पाहताना काढू नयेत, वहीकडे मान वळते तेवढ्यात एखादा शॉट निसटतो आणि अंधारात लिहिलेले नंतर वाचताही येत नाही. घरी आल्यावर, कोणाचेही परीक्षण वाचण्याआधी, आठवतील ते तीन-चार प्रसंग वर सांगितल्याप्रमाणे लिहून काढावेत. दुसऱ्यांदा पाहताना ती वही सोबत असावी. आपल्या आठवणीत क्लोजअप असलेला चेहरा पडद्यावर पुष्कळ लांब उभा असल्याचे तेव्हा आढळते, आणि तो आपल्याला जवळ कशामुळे वाटला, या प्रश्नावर सबंध संध्याकाळ गप्पा होऊ शकतात.