दरवाढ आणि बाजारातील अस्थिरता : नव्या संशोधकास सल्ला

रेपो दर (रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने अल्पकालीन कर्ज देते तो) वाढला की बाजारातील अस्थिरता वाढते, असे गृहीत धरून थेट गार्च प्रतिमान (काळानुसार बदलणारी अस्थिरता मोजणारे सांख्यिकीय प्रतिमान) बसवण्याची घाई करू नका. अपेक्षित दरवाढ किमतींत आधीच उतरलेली असते. म्हणून घोषणेच्या आसपास ओव्हरनाइट इंडेक्स स्वॅप दरांत (पुढील व्याजदरांविषयी बाजाराची अपेक्षा दाखवणाऱ्या करारांच्या दरांत) झालेल्या बदलावरून तिचा अनपेक्षित भाग वेगळा काढा. ४ मे २०२२ रोजी, नियोजित बैठक नसताना, रिझर्व्ह बँकेने रेपो दर ४ वरून ४.४० टक्के केला, रोख राखीव प्रमाणही (बँकांनी ठेवींपैकी रिझर्व्ह बँकेकडे ठेवायचा हिस्सा) अर्ध्या टक्क्याने वाढवले आणि सेन्सेक्स १,३०० हून अधिक अंकांनी घसरला. अभ्यासाची सुरुवात करण्यासाठी हा दिवस मला सर्वांत उपयुक्त वाटतो. मात्र त्याच रात्री अमेरिकेची मध्यवर्ती बँक फेडरल रिझर्व्हचा व्याजदराविषयीचा निर्णयही अपेक्षित होता, त्यामुळे केवळ दैनिक आकडेवारी वापरल्यास दोन्ही परिणाम एकमेकांत मिसळतात.