पेठेच्या नव्या सचिवास

चिरंजीव लेकीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

व्यापारी संघटनेच्या सचिवपदी तुझी निवड झाल्याचं कळलं. आपल्या पेठेत हे पद पहिल्यांदाच एका बाईकडे आलं, याचा मला फार आनंद झाला. तू फोनवर विचारलंस, "काका, सुरुवात कुठून करू?" ते फोनवर सांगून संपण्यासारखं नव्हतं, म्हणून सवडीने लिहितो आहे.

गावात कुणालाही विचार, व्यापारी संघटना काय करते? बंद पुकारते, निवेदनं देते, गणपतीत कमान उभारते, दिवाळीत लकी ड्रॉ काढते, असंच उत्तर येईल. यातलं काही वाईट नाही. २०१३ साली एलबीटी म्हणजे स्थानिक संस्था कराविरुद्ध महापालिकांच्या शहरांत बाजार बंद राहिले आणि ऑगस्ट २०१५ मध्ये बहुतेक व्यापाऱ्यांची त्या करातून सुटका झाली. एकी लागते तिथे लागतेच. पण बंद हे एखाद्या दिवसाचं काम. उरलेलं वर्षभर पेठ कशी असते, गिऱ्हाईकाला तिथे यावंसं वाटतं का, हे बघणारं कुणी नसतं. नगरपालिकेला सगळा गाव सांभाळायचा असतो आणि दुकानदाराचं लक्ष गल्ल्यावर. दोन दुकानांमधली बोळ, बंद पडलेला दिवा, तुंबलेलं गटार यांना वाली नाही. ते संघटनेचं आहे असं धरून चाल.

हे काम व्यापाऱ्यांनी कायद्यात कसं बसवलं, याचं मला माहीत असलेलं सर्वांत चांगलं उदाहरण लांबचं आहे, कॅनडातल्या टोरांटोचं. ब्लूर वेस्ट व्हिलेज ही तिथली लहान दुकानांची पेठ. १९६०च्या दशकात मॉल उभे राहिले, ब्लूर रस्त्याखालून भुयारी रेल्वे धावू लागली आणि जाता जाता दुकानात डोकावणारं गिऱ्हाईक कमी झालं. रस्ता देखणा करायचा तर वर्गणी काढावी लागणार, आणि वर्गणीची अडचण तिथेही आपल्यासारखीच: काही देतात, काही देत नाहीत, दिव्याचा उजेड मात्र दोघांच्याही दारात सारखाच पडतो. त्यांनी मार्ग काढला. ठरवलेल्या हद्दीतल्या प्रत्येक व्यावसायिकाकडून थोडी जादा पट्टी महापालिकेनेच करासोबत वसूल करायची आणि ती रक्कम त्याच हद्दीतल्या व्यापाऱ्यांच्या मंडळाच्या हाती द्यायची. ऑंटारिओ प्रांताने याला कायद्याचा आधार दिला आणि १९७० साली जगातला असा पहिला विभाग तिथे सुरू झाला. पैसा गेला झाडं, बाक, दिवे, फुलांच्या कुंड्या यांवर आणि त्यांच्या देखभालीवर. पुढे ही पद्धत कितीतरी देशांनी उचलली.

इंग्लंडने २००३च्या कायद्याने ती आणली तेव्हा एक अट घातली. अशी पट्टी लावण्याआधी हद्दीतल्या व्यावसायिकांचं मतदान घ्यायचं, आणि ठराव दोन्ही बाजूंनी मंजूर व्हायला हवा: मतांच्या संख्येनेही बहुमत आणि करपात्र मूल्याच्या हिशेबानेही. म्हणजे दोन-चार मोठे शोरूमवाले सगळ्या लहान दुकानदारांवर काही लादू शकत नाहीत आणि लहान दुकानदार नुसत्या संख्येवर मोठ्यांच्या खिशात हात घालू शकत नाहीत. शिवाय मुदत जास्तीत जास्त पाच वर्षांची. पुढे चालवायचं तर पुन्हा मतदान. ही अट मला फार आवडते. आपल्याकडे अशी सक्तीची पट्टी नाही, पण तिच्यातला न्याय तुला बिनकायद्याचाही पाळता येईल. मोठ्या खर्चाचा ठराव चार वजनदार मंडळींच्या बैठकीत उरकू नकोस. पानाची टपरी, टेलरचा गाळा, मोबाईल दुरुस्तीवाला, सगळ्यांना विचार.

त्यासाठी आधी यादी हवी. सभासद असो वा नसो, पेठेतल्या प्रत्येक शटरची नोंद कर: मालक कोण, भाडेकरू कोण, किती माणसं कामाला, त्यांत बायका किती. मग वर्गणीला बाहेर पड, आणि पहिल्या वर्षी रक्कम लहान ठेव. दर तीन महिन्यांनी जमाखर्च लिहून चौकातल्या फलकावर लाव. देणाऱ्यांची नावं लाव, न देणाऱ्यांची लावू नकोस. लाज काढून वसूल केलेली वर्गणी एकदाच मिळते. आणि कागदपत्रं बघ. संघटना सार्वजनिक न्यास म्हणून नोंदलेली असेल तर कार्यकारिणी बदलल्यावर ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात चेंज रिपोर्ट द्यावा लागतो. तो राहून गेला की पुढची प्रत्येक गोष्ट अडते, बँकेत सही बदलण्यापासून.

खर्चाबद्दल माझं ठाम मत आहे: ज्याच्या देखभालीचा पैसा बाजूला काढलेला नाही, ते विकत घेऊ नये. चौकाचौकात कॅमेरे बसतात, साहेबांच्या हस्ते उद्घाटन होतं, पेपरात फोटो येतो. पुढे कुणाच्या दुकानातून वीज घ्यायची यावर वाद होतो, पावसात वायर जाते, आणि खरंच चोरी होते तेव्हा रेकॉर्डिंग नसतं. आठ कॅमेऱ्यांचे पैसे असतील तर चारच घे, उरलेल्या पैशांत त्यांच्या देखभालीचा करार कर आणि महिन्यातून एकदा ते चालू आहेत का हे बघणाऱ्या माणसाचं नाव ठरव. झाडांचंही तेच. पाणी घालणारा ठरल्याशिवाय खड्डा खणू नये.

आता सगळ्यांत अवघड विषय. नव्या कार्यकारिणीच्या पहिल्याच सभेत कुणीतरी उठून म्हणेल, "हातगाडीवाले आणि पथारीवाले हटवा, रस्ता मोकळा होईल." टाळ्याही पडतील. तू घाई करू नकोस. आधी आपलाच रस्ता बघ. बाहेर आलेल्या पायऱ्या, पुढे काढलेले पत्रे, फुटपाथवर उभे केलेले साडी नेसवलेले पुतळे, दुकानाबाहेर रचलेली डाळीची पोती. आणि सकाळी शटर उघडताना लावलेल्या मालकाच्या आणि कामगारांच्या मोटारसायकली, ज्या रात्रीपर्यंत हलत नाहीत. गिऱ्हाईकाला गाडी लावायला जागा नाही म्हणून आपण ओरडतो आणि ती जागा आपणच अडवतो. दुकानदारांच्या गाड्या बाजाराबाहेरच्या एखाद्या मैदानाच्या कडेला लागल्या, तर एक पैसा खर्च न होता पेठ मोकळी दिसेल. पहिल्या दिवशी तुझी आणि अध्यक्षांची गाडी तिथे लागली पाहिजे. मग इतरांना सांगता येईल.

मग पथारीवाल्यांकडे वळ, पण २०१४ चा पथविक्रेता कायदा वाचून. सर्वेक्षण पूर्ण होऊन प्रमाणपत्रं वाटली जाईपर्यंत कुणालाही हटवता येत नाही. शहर पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के जागा विक्रेत्यांच्या, त्यांतल्या एक तृतीयांश बायकांच्या. त्याच समितीत व्यापारी संघटनेलाही स्थान आहे. म्हणजे कायद्याने आपल्याला त्यांच्याविरुद्ध उभं केलेलं नाही, त्यांच्याबरोबर एका टेबलाशी बसवलंय. आपल्या गावात समिती झाली आहे का आणि सर्वेक्षण कधी झालं, हे आधी विचार. ते दर पाच वर्षांनी किमान एकदा व्हायला हवं. शहराच्या लोकसंख्येच्या अडीच टक्क्यांपर्यंत विक्रेत्यांना सामावून घ्यावं, असं कायदा म्हणतो. पन्नास वर्षांहून जुना बाजार असेल तर तो वारसा बाजार ठरवून आहे तिथेच ठेवायचा, अशीही तरतूद आहे. आपल्या आठवडी बाजाराला ती लागू होते का, हे एखाद्या वकिलाकडून तपासून घे. आणि एक लक्षात ठेव, मेथीची जुडी घ्यायला आलेली बाईच पुढे जाऊन भांड्यांच्या दुकानात शिरते. भाजीवाल्या गेल्या तर ती बायपासवरच्या मार्टमध्ये जाईल, आणि तिथे भांडीही मिळतात.

स्वच्छतागृहाचं मी मुद्दाम वेगळं लिहितो. दिवसभर काउंटरमागे उभ्या राहणाऱ्या मुली सकाळपासून पाणी पीत नाहीत, कारण जायला जागा नाही. आजूबाजूच्या खेड्यांतून लग्नाचा बस्ता बांधायला आलेल्या बायकांचेही तेच हाल. २०१७ चा राज्याचा दुकाने व आस्थापना कायदा मुख्यतः जास्त कामगार असलेल्या दुकानांना लागू होतो. आपल्या पेठेत तशी दुकानं मोजकीच, म्हणून कायद्याची वाट बघत बसायला अर्थ नाही. मुंबईत २०११ पासून 'राईट टू पी' मोहिमेतल्या बायकांनी हा प्रश्न महापालिकेच्या दारात नेऊन चर्चेत आणला. तालुक्याच्या गावांत तो अजून सभेत बोललाच जात नाही. जागा नगरपालिकेची, बांधकाम त्यांचं, पण पाणी, कडी, दिवा आणि सफाई करणाऱ्या व्यक्तीचा वेळेवर पगार, हे संघटनेने अंगावर घ्यावं. त्या व्यक्तीला पुरेसे पैसे द्यावेत, उपकाराच्या भाषेत नव्हे. आणि ऐक, तू बाई आहेस म्हणून हा विषय तुझ्या एकटीच्या गळ्यात घालतील. घालू देऊ नकोस. कार्यकारिणीचा ठराव कर आणि अंमलबजावणी खजिनदाराकडे दे.

नगरपालिकेशी वागताना तोंडी काही ठरवू नकोस. प्रत्येक अर्जावर आवक क्रमांक घे आणि पोच जपून ठेव. अंदाजपत्रक नव्या आर्थिक वर्षाआधी ठरतं, म्हणून एप्रिलमध्ये केलेली मागणी वर्षभर लोंबकळते. ती दिवाळीच्या सुमारास, अंदाजे खर्चासह जायला हवी. २०२२ नंतर कित्येक नगरपरिषदांवर प्रशासक होते, तेव्हा ज्या गावांत संघटना लिहून आणि पाठपुरावा करून काम करत होत्या तिथे निदान गटारं निघाली. नगरसेवक निवडून आले तरी ती सवय सोडू नये. कुठल्या एका पक्षाचं कार्यालय मात्र संघटनेला होऊ देऊ नकोस. प्रचाराचा फ्लेक्स संघटनेच्या नावाने एकदा लागला, की अर्धी पेठ कायमची तुटते.

मोठा बदल करायचा असेल तर आधी थोडा वेळ करून दाखव. पुणे महापालिकेने ११ डिसेंबर २०२१ पासून पादचारी दिन सुरू केला. त्या दिवशी लक्ष्मी रस्त्याचा एक तुकडा वाहनांना बंद ठेवून माणसांना मोकळा दिला जातो. तुम्हीही एखादा रविवार निवडून संध्याकाळचे चार तास मुख्य रस्ता वाहनांना बंद ठेवून बघा. त्या दिवशीचा गल्ला दुकानदारांनी तुला प्रामाणिकपणे सांगितला पाहिजे, वाढला तरी आणि घटला तरी. ज्यांचा घटला त्यांच्याकडे आधी जा. जड माल विकणारे, गॅस शेगडीवाले, धान्यवाले यांची अडचण खरी असते. गाडी दारात आल्याशिवाय त्यांचा व्यवहार होत नाही. त्यांच्यासाठी सकाळची वेळ राखता येते.

पहिल्या तीन महिन्यांत एवढं केलंस तरी पुष्कळ: शटरची यादी, चेंज रिपोर्ट, फलकावर हिशेब, आणि दुकानदारांच्या गाड्या बाजाराबाहेर. स्वच्छतागृहाची मागणी दिवाळीच्या अर्जात पहिल्या क्रमांकावर घाल. मसुदा तयार झाला की मला पाठव, मी वाचून दुरुस्त्या कळवतो. जुन्या सभांची इतिवृत्तं माझ्या कपाटात आहेत. कुणाला तरी पाठवून ती घेऊन जा.

वहिनींना नमस्कार सांग.

तुझा,
काका