विद्यापीठांच्या बोधचिन्हांमधल्या चित्रांना खरंच काही अर्थ असतो का?

तुमचा प्रश्न असा की दिवा, पुस्तक, कमळ, झाड ही चित्रं जिकडेतिकडे दिसतात, मग त्यांना काही अर्थ असतो की ती नुसती शोभेसाठी असतात? मी बरीच वर्षं संस्कृत शिकवलं. त्यामुळे ब्रीदवाक्याचा अर्थ विचारायला लोक येत राहिले आणि वाक्यासोबतचं चित्रही निरखून बघायची सवय लागली. अर्थ नक्की असतो. फक्त एकट्या चित्राकडे बघून तो हाती लागत नाही. खालची ओळ वाचावी लागते, आणि संस्था कुठे, कशासाठी उभी राहिली तेही बघावं लागतं.

वडाचं झाड घ्या. ते मला तीन ठिकाणी भेटलं आणि तिन्ही ठिकाणी वेगळं बोललं. अलाहाबाद विद्यापीठ १८८७ चं. तिथे वडासोबत लॅटिन ओळ आहे, ‘क्वॉट रामी टॉट आर्बोरेस’, म्हणजे जितक्या फांद्या तितकी झाडं. वडाची पारंबी जमिनीत रुजते आणि तिचंच खोड होतं, हे ज्यानं पाहिलंय त्याला ही ओळ समजावून सांगावी लागत नाही.

कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेचं चिन्हही वडच. प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी १९३१ मध्ये ही संस्था काढली. तिची ओळ आहे ‘भिन्नेष्वैक्यस्य दर्शनम्’, वेगवेगळ्या गोष्टींमधलं ऐक्य पाहणं. शेकडो पारंब्या दिसतात, पण झाड एकच. विखुरलेल्या आकड्यांमधून एक सूत्र शोधायचं हेच तर संख्याशास्त्राचं काम. चित्र आणि विषय इतके एकमेकांत बसलेले मी फार कमी ठिकाणी पाहिले.

तिसरा वड आपल्या रयत शिक्षण संस्थेचा. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये कराडजवळच्या काले गावात संस्था सुरू केली. ‘स्वावलंबी शिक्षण हेच आमचे ब्रीद’ ही ओळ मराठीत आहे, आणि मला त्याचं फार मोल वाटतं. ज्या घरात आधी कुणी पाटी धरली नव्हती, त्या घरातल्या पोराला ही ओळ स्वतःची स्वतः वाचता यावी! इथला वड सावलीचा आहे, आणि पारंबी रोवून स्वतःच्या पायावर उभं राहण्याचाही. वसतिगृहातल्या मुलांच्या पोटासाठी कर्मवीरांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी दागिने मोडले, मंगळसूत्रसुद्धा. हे ठाऊक असलं की त्या चिन्हाकडे नुसतं झाड म्हणून बघवत नाही.

झाडांचाच विषय निघालाय तर आणखी दोन. दिल्लीच्या जामिया मिलिया इस्लामियाच्या चिन्हात चंद्रकोरीच्या दोन बाजूंना खजुराची झाडं आहेत आणि वर उघडं पुस्तक. त्या पुस्तकावर कुराणातलं वचन आहे: माणसाला जे ठाऊक नव्हतं ते त्याला शिकवलं. अहमदाबादच्या आयआयएमच्या चिन्हातलं झाड मात्र दगडातलं. शहरात लाल दरवाजाजवळ सिदी सय्यदची मशीद आहे, १५७२-७३ ची. तिच्या कमानीत बसवलेल्या दगडी जाळीत एकमेकांत गुंतलेल्या फांद्या इतक्या नाजूक कोरल्या आहेत की उजेड पानांमधून गाळून आल्यासारखा वाटतो. त्या जाळीवरून संस्थेनं चिन्ह घेतलं आणि खाली ओळ दिली ‘विद्याविनियोगाद्विकासः’, विद्या वापरल्यानं विकास होतो. २०२२ मध्ये हे चिन्ह बदलायचं ठरत होतं, तेव्हा तिथल्या प्राध्यापकांनीच संचालक मंडळाला पत्र लिहून हरकत घेतली होती. मला ते अगदी योग्य वाटलं. व्यवस्थापन शिकवणाऱ्या संस्था पुष्कळ निघतील, ती जाळी मात्र त्याच शहरात आहे.

दिवा आणि कमळ यांबद्दल फार सांगण्यासारखं नाही. दिवा म्हणजे ज्ञान, कमळ म्हणजे बहुतेक वेळा सरस्वतीचं आसन. खरी गंमत ओळींमध्ये आहे, कारण त्या मोठ्या श्लोकातून तोडून घेतलेल्या असतात आणि उरलेला भाग कुणी बघत नाही. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाची ओळ बघा: ‘यः क्रियावान् स पण्डितः’. महाभारताच्या वनपर्वात, यक्षप्रश्नात युधिष्ठिर हे म्हणतो. त्याआधीचे शब्द असे: ‘पठकाः पाठकाश्चैव ये चान्ये शास्त्रचिन्तकाः। सर्वे व्यसनिनो मूर्खाः’. शिकणारे, शिकवणारे, शास्त्राचा खल करणारे, सगळे व्यसनी आणि मूर्ख. करून दाखवतो तोच पंडित. विद्यापीठाच्या कपाळावर ही ओळ असणं म्हणजे आत शिरणाऱ्या प्रत्येकाला, मास्तरांना धरून, दिलेला कडक इशाराच आहे. मी वर्गात हा पूर्ण श्लोक फळ्यावर लिहायचो.

दिल्लीच्या एम्सची ओळ ‘शरीरमाद्यं खलु धर्मसाधनम्’ ही कालिदासाच्या कुमारसंभवातली. पार्वती कठोर तप करतेय, शंकर बटूच्या वेषात येऊन विचारतो की अंगात ताकद आहे तेवढंच तप करतेस ना? शरीर हे तर धर्माचं पहिलं साधन. ते वाक्य प्रेमानं केलेल्या चौकशीचं आहे. रात्रंदिवस जागणाऱ्या डॉक्टरांच्या संस्थेला याहून नेमकी ओळ कुठून मिळाली असती!

म्हणूनच या ओळी चुकीच्या छापल्या की मला वाईट वाटतं. एका महाविद्यालयानं नवं बोधचिन्ह करून घेतलं. संगणकावर काम करणाऱ्यानं विसर्गाच्या जागी इंग्रजीतला अपूर्णविराम टाकला आणि अवग्रहाच्या, म्हणजे लोप पावलेला ‘अ’ दाखवणाऱ्या ‘ऽ’ या खुणेच्या, जागी चक्क रोमन एस. पलीकडून बघितलं तर फरक कळत नाही. जवळ गेलं की विसर्गाचे टिंब अक्षरापासून सुटलेले दिसतात आणि तो एस शेजारच्या अक्षरांपेक्षा जाड. मी दाखवल्यावर त्यांनी फलक उतरवून दुरुस्त केला, पण तोवर एका तुकडीची प्रमाणपत्रं वाटून झाली होती. त्या मुलांच्या घरी भिंतीवर ती तशीच लागलेली असणार.

तुमच्या संस्थेचं चिन्ह बघायचं असेल तर संकेतस्थळावरच्या बारक्या चित्रावर जाऊ नका, त्यात अक्षरं पुसट होतात. पदवी प्रमाणपत्र बाहेर काढा आणि ओळ अक्षर लावून वाचा. मग ती कोणत्या ग्रंथातली ते शोधा आणि तिच्या मागचा-पुढचा श्लोकही वाचा. अडलात तर ओळ इथे खाली लिहा, मला जमेल तसा अर्थ लावून देईन.