दुर्गसंवर्धनाच्या आमच्या छोट्या गटात नवीन मुलं कशी आणावीत?

तुम्ही लिहिलंय की तालुक्याच्या गावी दहा-बारा जणांचा गट आहे, इन्स्टावर फोटोंना लाइक भरपूर येतात, पण रविवारी पहाटे एसटी स्टँडवर चेहरे तेच. आम्ही साताऱ्याकडे हेच काम करतो, त्यावरून सांगतो.

गटाची जाहिरात सोडा, कामाची करा. ‘दुर्गप्रेमींनो, सामील व्हा’ यातून कुणाला काही कळत नाही. ‘रविवारी गडावरच्या टाक्यातला गाळ काढायचाय, वीस जण हवेत, दुपारी पिठलं-भाकरी, संध्याकाळी सहाला परत’ असं लिहा. परतीची वेळ तर लिहाच. मुलींच्या घरून पहिला प्रश्न तोच असतो, आणि गटातल्या एखाद्या ताईने घरच्यांशी फोनवर बोलून घेतलं तर निम्मं काम होतं. फ्लेक्सचे पैसे मात्र घमेल्यांवर घाला. पदाधिकाऱ्यांचे चेहरे बघून कुणी गड चढत नाही.

सगळ्यात हमखास ठिकाण म्हणजे कॉलेजातली राष्ट्रीय सेवा योजना. तिथल्या स्वयंसेवकांना वर्षाला 120 तास भरायचे असतात, वर सात दिवसांचं शिबिर. म्हणजे कार्यक्रम अधिकारी असलेल्या सरांना काम शोधावंच लागतं. कॉलेज सुरू झालं की प्राचार्यांच्या नावाचं पत्र घेऊन त्यांना गाठा. ‘ही पोरं नुसती तास भरायला येतात’ म्हणून नाक मुरडणारे आमच्यातही आहेत. येऊ देत की! त्यातलीच काही तास संपल्यावरही येत राहतात.

पत्रासोबत परवानगीची प्रत जोडा. किल्ला संरक्षित असेल तर पुरातत्त्व खात्याच्या लेखी परवानगीशिवाय तिथला सुटा दगडही हलवायचा नाही, आणि त्या कागदाशिवाय कुठलं कॉलेज मुलं पाठवेल? परवानगी येईपर्यंत पायथ्याच्या वाटेवरचं प्लास्टिक उचला.

2025 मध्ये रायगड, राजगड, शिवनेरी धरून 12 किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले, तेव्हापासून पोरांच्या बोलण्यात किल्ले आहेत. तुमचा किल्ला त्या यादीत नसेल तर तेच बोलून दाखवा. जिथे कुणी फिरकत नाही तिथे हात जास्त लागतात, हे मुलांना पटतं.

पहिल्या दिवशी इतिहासावर भाषण नको. नव्या पोराला घमेल्यांच्या साखळीत दोन जुन्यांच्या मध्ये उभं करा, तासाभरात तिघांची गट्टी जमते. गाळात खापराचा तुकडा वगैरे काही निघालं तर नोंद त्याच्याच हातून करून घ्या. मग मंगळवार-बुधवारी त्याला फोन. ग्रुपवरचा मेसेज सगळ्यांसाठी असतो, म्हणून कुणीच मनावर घेत नाही.

आणि टाक्यांची कामं एप्रिल-मे मध्ये धरा. तेव्हा पाणी आटलेलं असतं, परीक्षाही उरकत आलेल्या असतात. ऊन कडक असतं, म्हणून पहाटे चढा आणि अकराच्या आत काम आवरा.