उंबऱ्यावरचा उंदीर: मांजर पाळणाऱ्यांचे प्रश्न

रब्बीची ज्वारी खळ्यावरून घरात आली की उंदरांचाही मुक्काम हलतो. रानातलं खाणं संपतं आणि ते पोत्यांच्या मागोमाग वस्तीत शिरतात. मग मांजरांचे दिवस येतात आणि आम्हा प्राण्यांच्या डॉक्टरांकडे मांजरवाल्यांचे प्रश्न वाढतात. यंदा आलेल्यांपैकी सहा घेतले आहेत.

आमची मनी रोज पहाटे उंदीर आणून माझ्या अंथरुणाशी ठेवते. कधी मेलेला, कधी धडपडणारा. वर माझ्याकडे बघून ओरडत राहते. मुलगी म्हणते, "आई, ती तुला बक्षीस देतेय." हे म्हणतात, मांजर सोडून येऊ. काय करू? – जुळे सोलापूर

सोडून अजिबात येऊ नका. बक्षिसाचं म्हणाल तर मुलीचं म्हणणं गोड आहे, पण मनीच्या मनात तसं काही असेल असं मला वाटत नाही.

मांजर शिकार करते एका जागी आणि खाते दुसऱ्या जागी. जिथे कुत्रा अंगावर येणार नाही, दुसरा बोका हिसकावून घेणार नाही, अशी जागा तिला हवी असते. ती जागा म्हणजे तुमचं घर, आणि घरातही जिथे तुम्ही झोपता तो कोपरा. तिथवर येईपर्यंत शिकारीचा जोर ओसरलेला असतो, पोटही बहुधा भरलेलं असतं. मग उंदीर तसाच पडून राहतो आणि तो आपल्यासाठीच आणला असं आपल्याला वाटतं.

दुसरंही एक कारण सांगितलं जातं. व्यालेली मांजरी पिल्लांना आधी मेलेला उंदीर आणून देते, मग अर्धमेला आणि शेवटी जिवंत. पिल्लं त्यावरच शिकार शिकतात. माणसापुढे उंदीर ठेवणं ही त्याच सवयीची छटा असावी, असं काही अभ्यासक मानतात. हे अगदीच नाकारता येत नाही. पण बोकेही शिकार घरी आणतात, म्हणून मला पहिलं कारण जास्त पटतं.

उद्या पहाटे नीट बघा. तोंडात उंदीर असलेली मांजर मान उंच धरून चालते, म्हणजे लोंबणारं शेपूट पायात येत नाही. तोंड भरलेलं असल्यामुळे आवाज घोगरा, लांबट निघतो. उंदीर धडपडत असेल तर ती त्याला सोडते, पुन्हा धरते, पंजाने उडवते. आपल्याला ते क्रूर वाटतं. पण उंदीर चावतो, आणि मानेत नेमका दात घालण्याआधी त्याला दमवणं तिच्या डोळ्यांसाठी, नाकासाठी गरजेचं असतं.

आणि दिसतं तेवढंच ती मारते असं धरू नका. अमेरिकेत जॉर्जियातल्या अथेन्स शहरात पाळीव मांजरांच्या गळ्यात छोटे कॅमेरे बांधून अभ्यास झाला होता. त्यात घरी आलेली शिकार जेमतेम चौथा हिस्सा निघाली. बाकीची जागेवरच खाल्ली किंवा टाकून दिली होती.

तिला मारू नका, ओरडू नका. तिला त्याचा अर्थ लागत नाही, ती फक्त तुम्हाला घाबरायला शिकेल. उंदीर जिवंत असेल तर मनीला दुसऱ्या खोलीत कोंडा आणि उंदरावर घमेलं पालथं घाला. मेलेला उघड्या हाताने उचलू नका. उंदराच्या मुतातून लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) हा आजार पसरतो. हातात कॅरीबॅग चढवून उचला, पिशवी उलटी करून गाठ मारा आणि फरशी ब्लीचच्या पाण्याने पुसा.

सासूबाई मांजराला सकाळ-संध्याकाळ दूध-भाकरी घालतात, तीही थोडीच. म्हणतात, पोटभर घातलं तर उंदीर कशाला धरेल? – मोहोळ तालुका

सासूबाईंना मान देऊनच सांगतो, हा समज खोटा आहे आणि त्यापायी आपल्या भागातली असंख्य मांजरं आयुष्यभर अर्धपोटी राहतात. भूक आणि शिकार या मांजरात बऱ्याच अंशी वेगवेगळ्या चालणाऱ्या गोष्टी आहेत. आवडीचं खाणं समोर असतानाही मांजर ते सोडून उंदरावर झेप घेते. भुकेलं मांजर जास्त भटकतं हे खरं, पण ते अशक्त असतं, लवकर जखमी होतं आणि विष खाऊन पडलेला उंदीरही सोडत नाही. पोत्यांची राखण धडधाकट मांजर जास्त चांगली करतं.

त्याहून मोठी चूक दूध-भाकरीची. मांजर पूर्ण मांसाहारी प्राणी आहे. टॉरिन नावाचा घटक त्याच्या शरीरात पुरेसा तयार होत नाही, तो मांसातूनच मिळावा लागतो. टॉरिन कमी पडलं की डोळ्याचा पडदा कायमचा खराब होतो आणि हृदय फुगून निकामी होतं. ज्वारीत, गव्हात, भातात टॉरिन नसतं. दुधात असतं ते नावापुरतं, शिवाय मोठ्या मांजराला दूध नीट पचत नाही. कित्येकांची हगवण दूध बंद केल्याबरोबर थांबते.

इंग्लंडमध्ये एक्सेटर विद्यापीठाने २०२१ साली ३५५ मांजरांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. भरपूर मांसाचं, धान्याशिवायचं अन्न दिलेल्या मांजरांनी घरी आणलेली शिकार ३६ टक्क्यांनी घटली. रोज पाच-दहा मिनिटं खेळवल्यानेही २५ टक्के घट झाली. हे वाचून सासूबाई म्हणतील, बघा, मी सांगत होते! पण त्या मांजरांचं पोट आधीही भरलेलंच होतं. फरक अन्नाच्या मापाने नाही, मांसाने पडला. म्हणजे मांस मिळालं तर शिकार थोडी कमी होईल, थांबणार नाही. तेवढ्यासाठी मांजराला आंधळं होऊ द्यायचं का, एवढंच ठरवायचं आहे.

मांजरासाठीचं तयार खाद्य परवडत असेल तर सर्वांत सोपं. नाहीतर उकडलेलं कोंबडीचं मांस, उकडलेलं अंडं, आठवड्यातून एकदोनदा कलेजीचा छोटा तुकडा. मांस शिजवलेलं पाणी टाकू नका. टॉरिन त्यात उतरतं, ते पाणीही त्याला द्या. मीठ, कांदा, लसूण अजिबात नको. घरात शिजवत नसाल तर अडचण आहे हे मान्य, पण मग तयार खाद्य आणाच.

शेजारचे दुकानदार उंदराचं औषध टाकतात. आमचा बोका तिथलेच उंदीर धरतो. त्याला धोका आहे का? – साखर पेठ

आहे, आणि या लेखातलं एवढं एकच उत्तर कापून ठेवलंत तरी चालेल.

आपल्याकडे मुख्यतः दोन प्रकारची विषं वापरली जातात. एक ब्रोमाडायोलोनच्या वड्या. यांनी रक्त गोठणं बंद होतं. विष पोटात गेल्यावर तीन ते पाच दिवस काहीच दिसत नाही, म्हणून मालक गाफील राहतात. मग बोका सुस्त होतो, हिरड्या पांढऱ्या पडतात, धाप लागते, नाकातून किंवा शीतून रक्त येतं. असा एखादा उंदीर खाऊन मांजर दगावणं दुर्मिळ, पण रोज खात राहिलं तर विष साठत जातं. यावर उतारा आहे: व्हिटॅमिन के-१, तीन-चार आठवडे. बरं वाटलं म्हणून मध्येच सोडलं तर रक्तस्राव पुन्हा सुरू होतो.

दुसरं झिंक फॉस्फाईड, ती काळसर पूड. पोटातल्या आम्लाशी तिचा संबंध आला की फॉस्फिन हा विषारी वायू तयार होतो. काही तासांतच उलट्या, तडफड, झटके. यावर उतारा नाही, फक्त वेळेत केलेले उपचार. उंदराच्या पोटात न विरघळलेली पूड असेल आणि मांजराने तो अख्खा खाल्ला तर बाधा होऊ शकते. या वेळी दूध, तूप, भाकरी काही देऊ नका; अन्न गेलं की आम्ल वाढतं आणि वायूही वाढतो. मिठाचं पाणी पाजून ओकारी काढू नका. उलटीला लसणासारखा किंवा सडक्या माशासारखा वास आला तर खिडक्या उघडा, तो वायू माणसालाही घातक आहे. विषाचं पाकीट मिळालं तर घेऊन थेट दवाखाना गाठा. आणि कुठल्याही दुखण्यावर घरातली पॅरासिटामॉल देऊ नका. एका गोळीनेही मांजर मरतं.

दुकानदारांशी बोला. धान्य झाकणाच्या पत्र्याच्या कोठीत ठेवायचं, दाराखालची फट बुजवायची, पिंजरा लावायचा. एवढं केलं तर बहुतेक ठिकाणी विष लागत नाही. गोंदाचा सापळा मात्र सुचवू नका. त्यात मांजराची पिल्लंही चिकटतात. चिकटलंच तर ओढू नका, खायचं तेल चोळून हळूहळू सोडवा.

मांजराने पाल खाल्ली तर विषबाधा होते का? परवा बेडूक तोंडात धरला आणि फेस आला. – विजापूर रोड

घरातली पाल विषारी नसते. उलटी झालीच तर ती न पचल्यामुळे. पाली सतत खाणाऱ्या मांजराला मात्र जंत होतात. फेस आला तो बहुधा भेकामुळे. खडबडीत कातडीच्या भेकाच्या डोळ्यांमागे विषाच्या ग्रंथी असतात. ओल्या फडक्याने तोंड आतून पुसून काढा. फेस थांबला नाही, तोल जाऊ लागला, तर दवाखाना.

जिवंत साप आणला तर सर्पमित्राला बोलवा. चेहरा किंवा पाय सुजला, मान पडली, पापण्या मिटू लागल्या तर वाट बघू नका. माणसांना देतात ते सर्पविषावरचं उताऱ्याचं इंजेक्शन मांजरालाही चालतं.

बोक्याने बुलबुल मारला. घुंगरू बांधलं तर पक्षी वाचतील का? – होटगी रोड

एक्सेटरच्या त्याच अभ्यासात घुंगरांचा ठोस परिणाम दिसला नाही. पक्षी वाचले ते गळ्याभोवतीच्या भडक रंगाच्या कापडी झालरीमुळे. पक्ष्यांना रंग चांगला दिसतो. पक्ष्यांची शिकार ४२ टक्के घटली. अशी झालर घरी शिवता येईल, फक्त पट्टा अडकला तर सुटणारा हवा, नाहीतर फांदीला फास बसतो. उंदरांवर झालरीचा परिणाम होत नाही, त्यामुळे धान्य राखणाऱ्यांनीही ती बांधायला हरकत नाही. त्याहून चांगलं म्हणजे संध्याकाळपासून सकाळी ऊन चढेपर्यंत बोका आत ठेवणं.

नान्नजच्या बाजूच्या वस्त्यांना माझी कळकळीची विनंती आहे. तिथलं अभयारण्य १९७९ सालचं, माळढोकासाठी केलेलं. माळढोक उघड्या जमिनीवर बहुधा एकच अंडं घालतो. चंडोल, टिटवी यांचीही अंडी जमिनीवरच असतात. तिथे मांजर पाळा, पण नसबंदी करून आणि रात्री घरात ठेवून. नसबंदीने शिकार थांबत नाही, पण बेवारस पिल्लांची फौज माळावर जात नाही.

मांजराच्या तोंडातून सुटलेला पक्षी धडधाकट दिसला तरी उडवून देऊ नका. दाताची बारीकशी जखमही एकदोन दिवसांत चिघळून त्याला मारते. भोकं पाडलेल्या खोक्यात, अंधारात ठेवा, चोचीत पाणी ओतू नका आणि त्याच दिवशी दवाखान्यात आणा.

सुनेला तिसरा महिना आहे. मांजर उंदीर खातं, त्यातून बाळाला रोग होतो म्हणे. मांजर देऊन टाकायचं का? – मुरारजी पेठ

देऊन टाकायची गरज नाही. हा रोग टोक्सोप्लाझ्मोसिस, टोक्सोप्लाझ्मा नावाच्या परजीवी जंतूमुळे होणारा. कच्चा उंदीर किंवा पक्षी खाल्ल्याने मांजराला लागतो, आणि गरोदरपणात बाईला पहिल्यांदाच झाला तर बाळाला धोका असतो, हे खरं. पण मांजराच्या शीतून त्याची अंडी सहसा आयुष्यात एकदाच, एक ते तीन आठवडे पडतात, आणि पडल्यावर किमान एक दिवस ती लागण करू शकत नाहीत. म्हणून मांजराची घाण रोजच्या रोज काढा, आणि ते काम तुम्ही किंवा मुलाने करायचं, सुनेने नाही. मांजर कुरवाळल्याने हा रोग सहसा होत नाही. अर्धवट शिजलेलं मटण आणि न धुतलेली भाजी यांतून तो जास्त येतो. सुनेने कुंड्यांच्या मातीत हात घालताना हातमोजे वापरावेत. मांजराने आणलेल्या शिकारीला तिने हात लावू नये.

स्त्रीरोगतज्ज्ञांना घरात मांजर आहे हे सांगा, गरज वाटल्यास ते रक्ततपासणी सांगतील. मांजराला दर तीन महिन्यांनी जंताचं औषध द्या, शिकारीचं असेल तर त्याहून लवकर, आणि रेबीजची लस दरवर्षी. त्याने कुणाला चावलं-ओरबाडलं तर जखम साबणाच्या वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जाऊन इंजेक्शन सुरू करा. ही इंजेक्शनं गरोदर बाईलाही देतात, त्यासाठी थांबू नका.