स्कॅनमधली हालचाल संगणकाला पुसता का येत नाही?

प्रश्न : मेंदूच्या एमआरआयच्या वेळी मला खोकला आला आणि डोके किंचित हलले. तंत्रज्ञांनी पाच मिनिटांचा तो भाग पुन्हा घेतला. हललेला फोटो मोबाइलसुद्धा सावरून घेतो; मग एवढ्या महागड्या यंत्राला ते का जमू नये?

उत्तर : आपली शंका रास्त आहे, पण फोटोची तुलना येथे दिशाभूल करते, कारण एमआरआय यंत्र मुळात चित्र टिपतच नाही. चित्र म्हणजे अनेक जाड-बारीक लहरींची बेरीज आहे असे मानले, तर यंत्राची प्रत्येक मोजणी त्यांपैकी एका लहरीचे प्रमाण सांगते. ही मोजमापे ओळीओळीने ज्या तक्त्यात भरली जातात त्याला ‘के-स्पेस’ म्हणतात, आणि तक्ता भरल्यावर फूरिए रूपांतराने, म्हणजे या लहरींची बेरीज करणाऱ्या गणिताने, त्याचे चित्र होते. समजा, 256 ओळींपैकी 100 ओळी भरल्यावर डोके हलले, तर उरलेल्या 156 ओळी वेगळ्याच जागी असलेल्या डोक्याच्या ठरतात. गणित मात्र सगळ्या एकाच स्थितीतल्या समजून चालते. त्यामुळे चूक एका कोपऱ्यात न राहता चित्रभर पसरते आणि कवटीच्या कडेच्या फिकट प्रतिकृती मेंदूवर उमटतात. यालाच ‘घोस्टिंग’ म्हणतात.

हालचाल नेमकी किती झाली हे कळले, तर बरेच सावरता येते. कवटी टणक असल्याने तिची हालचाल सहा आकड्यांत मांडता येते : तीन सरकण्याचे, तीन वळण्याचे. (पोटातले अवयव श्वासागणिक सरकतात आणि आकारही बदलतात, तेथे सहा आकडे पुरत नाहीत.) डोके नुसते सरकले, तर मोजमापांची फक्त कला, म्हणजे फेज (लहरीचे शिखर कुठे पडते ते), बदलते आणि ती गणिताने पूर्ववत करता येते. वळले, तर तक्त्यातली मोजमापेही तेवढ्याच कोनातून वळतात. मग काही जागा दोनदा मोजल्या जातात आणि काही रिकाम्या राहतात. त्या रिकाम्या जागा अनेक कॉइलींच्या (डोक्याभोवती संकेत टिपणाऱ्या वेटोळ्यांच्या) नोंदींवरून भरतात, पण तो शेवटी अंदाजच.

हालचाल ओळखण्यासाठी मधूनमधून छोटी ‘नेव्हिगेटर’ मोजणी घेतात किंवा कॅमेऱ्याने डोक्यावर नजर ठेवतात. मला सर्वांत देखणी वाटते ती जेम्स पाइप यांनी 1999 मध्ये मांडलेली ‘प्रोपेलर’ पद्धत. तीत ओळींचे पट्टे पंख्याच्या पात्यांसारखे फिरवत घेतात. प्रत्येक पट्टा तक्त्याच्या मध्यातून जात असल्याने तो भाग वारंवार मोजला जातो, पट्टे एकमेकांशी ताडून पाहता येतात आणि न जुळणाऱ्या पट्ट्याला कमी महत्त्व देता येते. वेळ मात्र साधारण दीडपट लागतो.

आपल्या बाबतीत अडचण बहुधा वेगळी होती. खोकताना हनुवटी वरखाली होते आणि आडव्या छेदातला, म्हणजे ज्या पातळ थराचे चित्र घेणे चालू असते त्यातला, मेंदूचा भागच छेदाबाहेर जाऊन तेथे शेजारचा भाग येतो. जो भाग त्या क्षणी मोजलाच गेला नाही, तो कोणतेही सूत्र परत आणू शकत नाही. कृत्रिम बुद्धिमत्ता तेथे रेखीव चित्र काढून देईलही, पण त्यात एखादी बारीक गाठ पुसली गेली किंवा नसलेली उमटली तर डॉक्टरांना ते कळायचे कसे? म्हणून तंत्रज्ञांनी घेतलेला निर्णय मला योग्य वाटतो. पुढच्या वेळी खोकल्याची उबळ आली, तर शक्य असल्यास यंत्राचा ठोक्यांचा आवाज थांबेपर्यंत ती आवरावी; दोन भागांच्या मधल्या त्या शांततेत, डोके पुन्हा तसेच ठेवून, खोकायला हरकत नाही, आणि आवरणे अशक्यच झाले तर हातातला फुगा दाबून तंत्रज्ञांना सांगावे.