वहीत ९६ लिहू की १००?

प्रश्न : सर, मी चिखलदऱ्याजवळच्या एका गावात राहते, दहावीत आहे. 'उष्णता' धड्यातला बर्फाचा प्रयोग आम्ही शाळेत केला. बीकरमध्ये बर्फ घेऊन तापवायचा, दर मिनिटाला तापमान लिहायचं आणि आलेख काढायचा. बर्फ होता तोवर पारा ० वर होता. पाणी उकळायला लागल्यावर तो ९६ वर थांबला, पुढे सरकलाच नाही. वहीवर लाल शेरा आला, 'उत्कलनांक १०० हवा'. बाकीच्यांनी गाइडमधून १०० उतरवलं, त्यांना पूर्ण गुण मिळाले. मी खोडून १०० करू का? आणि प्रयोग लिहायचा तरी कसा?

उत्तर : खोडू नको, पोरी. सगळ्या वर्गात तुझीच वही खरी आहे.

आधी थर्मामीटरवर शंका घेऊ. वितळत्या बर्फात त्याने ० दाखवलं, म्हणजे निदान खालच्या टोकाला तरी तो खोटं बोलत नाही. हा पुरावा तुझ्याच तक्त्यात आहे, फक्त तू तो वापरला नाहीस. आता १०० हा आकडा बघ. तो समुद्रसपाटीवरचा, हवेचा दाब ७६० मिलिमीटर पारा असतानाचा. चिखलदरा सुमारे ११०० मीटर उंचावर. उंचावर हवेचा दाब कमी, म्हणून पाणी कमी तापमानालाच उकळतं. ढोबळमानाने दर ३०० मीटरला एक अंश कमी धर. कर भागाकार, ९६ च्या आसपासच येतं. कुकर नसला की तुमच्याकडे तुरीची डाळ शिजायला वेळ का लागतो, तेही यातच आलं. तुझ्या आईला हे निरीक्षण लय आधीपासून ठाऊक असेल.

हे मी शहाणपणाने सांगतोय असं समजू नको. बी.एस्सी.ला असताना लंबकाच्या प्रयोगात मी गुरुत्व त्वरण ९.८ धरलं आणि त्यावरून उलट्या दिशेने तक्ता भरला. परीक्षकांनी वही पाहिली. "पाच लांब्या घेतल्या आणि पाचही वेळा ९.८? एकदाही हात हलला नाही?" मी खाली मान घालून उभा. कापूस विकताना काट्यावर भरेल तेवढंच लिही म्हणून माझे वडील व्यापाऱ्याशी भांडायचे, आणि त्यांचा पोरगा कॉलेजात हे करत होता.

आता लिहिण्याचं. उद्देश आणि साहित्य दोन-चार ओळींत उरक, पण थर्मामीटरचं लघुतम माप, म्हणजे त्यावरच्या दोन रेघांमधलं अंतर किती अंशाचं ते, तिथेच लिही. एक अंशाच्या रेघा असतील तर तक्त्यात ९६.२५ असं काही दिसता कामा नये. 'कृती'त गाइडची भाषा नको. 'बीकरमध्ये बर्फ घ्या' ही दुसऱ्याला दिलेली आज्ञा झाली. 'आम्ही अर्धा बीकर बर्फ घेतला, थर्मामीटरचा फुगा तळाला टेकू दिला नाही' असं लिही. तळाला टेकला असता तर आकडा जास्त आला असता, म्हणून ही ओळ फार मोलाची. आकडे प्रयोग चालू असतानाच लिहायचे, कागदाच्या चिठोऱ्यावर नाही, वहीतच. चुकलं तर एकच आडवी रेघ मारायची, खालचा आकडा वाचता आला पाहिजे. व्हाइटनर घरीच ठेव.

आलेखात दोन सपाट भाग येतील, ० वर आणि ९६ वर. दोन्हींखाली तेव्हा बीकरमध्ये काय दिसत होतं ते लिही.

निष्कर्षात दोन्ही आकडे येऊ दे : 'प्रमाण दाबाला उत्कलनांक १००, आम्हाला ९६ आढळला. आमचं गाव उंचावर असल्याने हवेचा दाब कमी आहे.' ही वही सरांकडे वाद घालायला नाही, विचारायला घेऊन जा. बहुतेक ते ऐकतील. नाही ऐकलं तर एखादा गुण जाईल, जाऊ दे.

आणि एक करून बघ. परतवाड्याला कुणी नातेवाईक असतील तर सरांना विचारून तोच थर्मामीटर तिथे ने आणि पाणी उकळ. ते गाव घाटाखाली आहे, पारा दोनेक अंश वर चढायला हवा. जाताना थर्मामीटर जुन्या ओढणीत गुंडाळून हातातच धर. दप्तरात मोकळा टाकलास तर घाटाच्या वळणांवर एसटीत फुटायचा. तिथला आकडा मला कळव, जो येईल तो.